सात नव्या पैशांचा खटला

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात एखाद्या दैनिकाच्या आठवड्याच्या पानांची बेरीज सहसा वाचायला मिळत नाही. २५ सप्टेंबर १९६१ च्या एका निकालात ती आहे. पुण्याचे एक मराठी दैनिक आठवड्यातले पाच दिवस ६ पाने देते, एक दिवस ४. किंमत ७ नवे पैसे. रविवारचा अंक १० पानांचा, किंमत १२ नवे पैसे. महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून खप रोजचा ५२,००० आणि रविवारचा ५६,०००. सुमारे ४० टक्के जागा जाहिरातींना, उरलेली बातम्या आणि इतर मजकुराला. हे दैनिक म्हणजे ‘सकाळ’. कायद्याचे विद्यार्थी ‘सकाळ पेपर्स विरुद्ध भारत सरकार’ हे नाव परीक्षेसाठी पाठ करतात आणि पुढच्या खटल्याकडे वळतात. मला मात्र या आकड्यांतच शहराच्या दैनिकाचा खरा इतिहास दिसतो. संपादकांची चरित्रे आणि गाजलेले अग्रलेख यांवर आपण भरपूर लिहिले. पान किती, किंमत किती आणि त्या किमतीत गावाची किती बातमी मावते, हा हिशेब बहुतेक वेळा वहीतच राहिला.

‘सकाळ’चा पहिला अंक १ जानेवारी १९३२ चा. त्या वेळचे पुणे आजच्या महानगराच्या मानाने लहानच: पेठा, कॅम्प, नदीपलीकडे वाढू लागलेली वस्ती. वर्तमानपत्रांची परंपरा मात्र मोठी. ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ पासूनचा, १९०४ पासून दैनिक. ‘केसरी’चा दबदबा कायम होता, पण तो दैनिक नव्हता. पुण्याचे वर्तमानपत्र वाचायचे ते मतासाठी. सरकारचे काय चुकले, समाजाने काय करावे, यावर खणखणीत मराठीत लिहिलेला लेख हा त्याचा कणा. मंडईत आज भाजी काय भावाने गेली किंवा नगरपालिकेच्या सभेत कुठल्या नळाबद्दल भांडण झाले, याला त्या परंपरेत दुय्यम जागा होती.

डॉ. नारायण भिकाजी परुळेकर, म्हणजे नानासाहेब, अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन आले होते. तिथली वर्तमानपत्रे त्यांनी जवळून पाहिली होती. शहरातल्या सामान्य माणसाचा दिवस हाच बातमीचा विषय, ही दृष्टी त्यांनी सोबत आणली. वाक्य लहान, भाषा बोलीजवळची, बातमी आधी आणि मत नंतर. बाजारभाव, सभा-समारंभ, नगरपालिकेचा कारभार, तालुक्याच्या गावांतून वार्ताहरांनी पाठवलेला मजकूर, या सगळ्याला त्यांनी मानाची जागा दिली. हे आज इतके अंगवळणी पडले आहे की त्यातले धाडस कळत नाही. टिळकांच्या गावात अग्रलेखावर भिस्त न ठेवता दैनिक उभे करणे हा मोठाच जुगार होता.

काळही विलक्षण होता. पहिला अंक निघाल्यावर तीनच दिवसांनी, ४ जानेवारीला, गांधीजींना मुंबईत अटक झाली आणि त्यांना येरवड्याच्या तुरुंगात आणले गेले. त्याच वर्षी २० सप्टेंबरला त्यांनी तिथे उपोषण सुरू केले आणि २४ तारखेला पुणे करार झाला. देशाचे लक्ष लागलेली घटना नव्या दैनिकाच्या गावातच घडत होती. डोक्यावर १९३१ चा प्रेस कायदा होता. सरकारला वाटले तर अनामत मागायची, आणखी वाटले तर जप्त करायची. त्या काळच्या मालकाला लेखणीच्या स्वातंत्र्याची किंमत रुपयांत माहीत होती.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न वेगळ्या वाटेने आला, आणि तो चांगल्या हेतूने आला हे मुद्दाम सांगायला हवे. १९५२ साली न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली पहिला वृत्तपत्र आयोग नेमला गेला. १९५४ च्या अहवालात त्याने एक दुखणे अचूक ओळखले. भांडवलाचे बळ असलेले वर्तमानपत्र जाहिरातींच्या जोरावर भरपूर पाने स्वस्तात देते, आणि तेवढी पाने त्या किमतीत देऊ न शकणारे लहान पत्र मरते. आयोगाने उपाय सुचवला तो किंमत आणि पाने यांची सांगड घालण्याचा: अमुक किमतीला अमुकच पाने. त्यावरून १९५६ चा कायदा झाला आणि १९६० साली त्याखाली दैनिकांसाठी आदेश निघाला. पुरवण्यांवरही त्यात मर्यादा आली.

या आदेशाने ‘सकाळ’ची ७ नव्या पैशांची किंमत कायम ठेवायची तर रविवार सोडून सहा दिवसांत फक्त २४ पाने देता येत होती. प्रत्यक्षात तो देत होता ३४. ती ३४ ठेवायची तर किंमत ८ नवे पैसे करणे भाग होते.

एका नव्या पैशाचा तो काय बाऊ, असे आज वाटेल. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. म्हणजे ‘सकाळ’ची किंमत आण्याहून किंचित जास्त होती. महिन्याला २६ अंकांवर २६ नवे पैसे वाढले असते. पण दैनिकाचा वाचक महिन्याचा हिशेब करून विकत घेत नाही. तो रोज सकाळी खिशातून नाणे काढतो, आणि त्या नाण्याची सवय मोडली की त्याचा अंक शेजाऱ्याकडचा होतो. किंमत वाढली की खप घटतो, खप घटला की जाहिरातदार दर पाडून मागतो, आणि पाने आपोआपच कमी होतात. हे चक्र छापखान्याच्या हिशेबनिसाला कोणत्याही वकिलापेक्षा आधी कळते.

दुसरा मार्ग पाने कापण्याचा. ४ पाने म्हणजे एक अखंड ताव मधोमध दुमडलेला. ६ करायची तर आत अर्धा ताव घालावा लागतो. तो अर्धा तावच काढून टाका, असे आदेश सांगत होता. ४० टक्के जाहिरातींचे प्रमाण कायम धरून मी हिशेब केला. ३४ पानांत मजकुराला साधारण २० पाने येतात, २४ पानांत १४. आठवड्याला ६ पाने गेली, म्हणजे एका पूर्ण दिवसाच्या अंकाइतकी जागा. आता कात्री कुठे लागणार? दिल्लीची बातमी काढता येत नाही, परदेशची लहान करता येते पण वगळता येत नाही, क्रीडा काढली तर तरुण वाचक जातो. कात्री लागते ती जुन्नरच्या रस्त्याला, बारामतीच्या गुळाच्या भावाला, नगरपालिकेच्या शाळेला. या बातम्या दुसरे कुठलेही पत्र छापणार नसते, म्हणून त्या कापल्या की कायमच्या गेल्या. लहान शहराच्या दैनिकाचे पान म्हणजे त्याचा जिल्हा. हे दिल्लीत बसून आदेश लिहिणाऱ्याला दिसले नाही, आणि त्याच्या हेतूबद्दल आदर ठेवूनही ही त्याची चूक होती असे मला ठामपणे वाटते.

पत्राची कंपनी आणि तिचे भागधारक थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. सोबत ‘सकाळ’च्या दोन वाचकांनीही स्वतंत्र अर्ज केले. खटल्याच्या त्या वर्षातच, १२ जुलै १९६१ ला, पानशेतचे धरण फुटले, खडकवासलाही गेले आणि मुठेच्या पाण्याने काठच्या पेठा धुऊन नेल्या. अशा दिवसांत शहराला विचारवंत नंतर लागतात. आधी लागते ते एवढेच: पिण्याचे पाणी कुठे मिळेल, कोणता पूल चालू आहे, हरवलेले माणूस कुठे आहे, धान्य कुठे वाटतात. हा मजकूर बारीक टाइपात, रकानेच्या रकाने जातो. त्याला जागाच लागते.

न्यायालयात सरकारची बाजू अशी होती की हे बंधन व्यवसायावर आहे, विचारांवर नाही, आणि व्यवसायावर लोकहितासाठी वाजवी बंधने घालता येतात. घटनापीठाचा निकाल न्यायमूर्ती मुधोळकरांनी लिहिला. काँग्रेसचे १९१२ चे अध्यक्ष, अमरावतीचे रघुनाथराव मुधोळकर यांचे ते चिरंजीव. त्यांनी म्हटले ते थोडक्यात असे. वर्तमानपत्राला दोन अंगे आहेत, व्यवसायाचे आणि अभिव्यक्तीचे. व्यवसायावर बंधन घालायचे म्हणून अभिव्यक्ती आखडता येत नाही. अभिव्यक्तीवर बंधन घालायची कारणे घटनेच्या कलम १९ (२) मध्ये मोजून दिली आहेत, आणि ‘लोकहित’ असे मोघम कारण त्यांत नाही. किती मजकूर द्यायचा आणि तो किती लोकांपर्यंत पोचवायचा, ही दोन्ही स्वातंत्र्ये त्याच हक्कात येतात. पाने कापली तर पहिले जाते, किंमत वाढवली तर दुसरे. कायद्याचे ते कलम आणि आदेश, दोन्ही घटनाबाह्य ठरले.

पुण्याच्या दैनिकाने मिळवलेला हा निकाल पुढे बलाढ्यांच्याही कामी आला. १९७२ साली सरकारने आयात कागदाच्या धोरणातून पानांची कमाल मर्यादा १० केली, तेव्हा ‘टाइम्स ऑफ इंडिया’ची बेनेट कोलमन कंपनी न्यायालयात गेली आणि ‘सकाळ’च्या निकालाचा आधार घेऊन जिंकली. त्या पीठावर न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी वेगळे मत नोंदवले. पुढे तेच दुसऱ्या वृत्तपत्र आयोगाचे अध्यक्ष झाले, आणि १९८२ च्या अहवालात या आयोगाने किंमत आणि पानांच्या सांगडीची शिफारस पुन्हा केली. ती कायद्यात उतरली नाही. १९९० च्या दशकात बड्या इंग्रजी दैनिकांनी किमती उतरवून स्पर्धा सुरू केली, तेव्हा राजाध्यक्ष आयोगाने चाळीस वर्षांपूर्वी सांगितलेली भीती खरी झाली. जिल्ह्याच्या गावी एकट्याच्या बळावर चालणाऱ्या दैनिकाला बड्या साखळीची स्वस्त, रंगीत, गलेलठ्ठ आवृत्ती काय करते, हे महाराष्ट्रात कुठल्याही जुन्या संपादकाला विचारावे. ‘सकाळ’ही पुढे एका शहराचा राहिला नाही. नानासाहेब १९७३ साली गेले, १९८५ मध्ये पत्र पवार कुटुंबाकडे आले आणि त्याच्या आवृत्त्या महाराष्ट्रभर झाल्या.

म्हणून राजाध्यक्षांचे निदान बरोबर होते असे मी मानतो, आणि मुधोळकरांचा निकालही. मक्तेदारी मोडायची तर मक्तेदारीच्या कायद्याने मोडावी. लहान पत्राला कागद, टपाल, जाहिरात यांत हात द्यावा. त्याच्या पानावर हात टाकू नये. १९६१ मध्ये पुण्याच्या दोन वाचकांना हे कळले होते. त्यांच्याकडे भांडवल नव्हते, छापखाना नव्हता, निकालाने त्यांच्या पदरात पडणार होता तो फक्त आठवड्याचा ६ पाने जास्तीचा मजकूर, जुन्याच किमतीत. तेवढ्यासाठी ते सर्वोच्च न्यायालयात गेले.