‘स्वराज्याचे तोरण’चं ‘उदयकाल’ कसं झालं?

जव्हार-मोखाडेकरांनो, सुरतेच्या वाटेवर शिवराय आपल्या शिरपामाळावर थांबले होते, असं आपण लहानपणापासून ऐकतो. आज त्यांच्यावरच्या एका मूकपटाविषयी.

साल १९३०. मिठाचा सत्याग्रह पेटलेला. आदल्याच वर्षी कोल्हापुरात उभी राहिलेली ‘प्रभात’ कंपनी ‘स्वराज्याचे तोरण’ काढते. दिग्दर्शक व्ही. शांताराम, आणि शिवाजी महाराजांच्या भूमिकेतही तेच! सेन्सॉर बिथरलं. नावात ‘स्वराज्य’ नको, गडावर झेंडा फडकवण्याचं दृश्यही नको. पडद्यावर एक शब्द बोलला जात नव्हता, तरी सरकारला एवढी धास्ती! अखेर नाव ‘उदयकाल’ झालं, झेंड्याच्या दृश्याला कात्री लागली, तेव्हा कुठे परवानगी मिळाली.

‘प्रभात’ची ही मंडळी नवखी नव्हती बरं का. शांताराम, दामले, फत्तेलाल तिघेही चित्रपटकार बाबूराव पेंटरांच्या तालमीत तयार झालेले. पेंटरांनी ‘सिंहगड’ या मूकपटात (१९२३) रात्रीची दृश्यं चक्क कृत्रिम प्रकाशात टिपली होती. त्या काळात बहुतेक चित्रण उन्हाच्या भरवशावर चालायचं, म्हणून मला याचं फार अप्रूप वाटतं. ‘सिंहगड’मध्ये शेलारमामांच्या भूमिकेत कोण होतं माहितीये? शांतारामच!