सूज, पांढऱ्या पेशी आणि एक पातळ काप

हिरवीगार ‘पांढरी’ पेशी जांभळ्या जीवाणूला गिळते आहे, अशी चित्रे पाहून शरीरात हे असेच रंगीत घडत असावे असे वाटते. पण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून चित्र निघते ते करड्या छटांचे. रंग नंतर संगणकावर भरतात, कोण कुठे आहे ते चटकन कळावे म्हणून.

चित्रातली पेशी जिवंत असते, ही समजूत त्याहून पक्की. प्रत्यक्षात सुजलेल्या ऊतीचा तुकडा ग्लुटराल्डिहाइड आणि ऑस्मियम टेट्रॉक्साइडमध्ये बुडवतात, अल्कोहोलने त्यातले पाणी काढतात, रेझिनमध्ये बसवतात आणि हिऱ्याच्या पात्याने सुमारे 70 नॅनोमीटर जाडीचे काप घेतात. न्यूट्रोफिल या 12 मायक्रोमीटर रुंद पांढऱ्या पेशीचे असे पावणेदोनशेच्या आसपास काप पडतील. चित्रात दिसतो त्यांतला एक.

सूज म्हणजे रक्तवाहिन्या फुटणे, असेही अनेकजण धरून चालतात. 1961 मध्ये गुइडो माज्नो आणि जॉर्ज पालाडे यांनी उंदरांना सूज आणणारे हिस्टामिन टोचले आणि रक्तात पाऱ्याच्या संयुगाचे अतिसूक्ष्म कण सोडले. कण जिथे अडकले तिथे रक्तवाहिनीच्या अस्तराच्या दोन पेशींमध्ये मायक्रोमीटरहूनही अरुंद फटी होत्या. पेशी फाटल्या नव्हत्या, एकमेकींपासून सुटल्या होत्या. तेही केशवाहिन्यांत नव्हे, त्यांच्या पुढच्या बारीक शिरांत.

मग पांढऱ्या पेशीही दोन अस्तरपेशींमधल्या अशाच सांध्यांतून बाहेर पडतात का? ऑक्सफर्डमध्ये मार्केसी आणि फ्लोरी (पेनिसिलिनवाले तेच) यांना 1960 च्या सुमारास तसे दिसले आणि पाठ्यपुस्तकांत तेच रुजले. पण एका कापात सांधा शेजारी आहे की नाही हे नेहमी कळत नाही. 1998 मध्ये गिनीपिगच्या सुजलेल्या त्वचेचे ओळीने काप घेऊन पाहिले, तेव्हा कित्येक न्यूट्रोफिल थेट अस्तरपेशीला भेदून जाताना सापडले. आज दोन्ही वाटा मान्य आहेत.

चित्र स्पष्ट म्हणजे पुरावा पूर्ण, हा मात्र शास्त्रज्ञांनाही मोहात पाडणारा गैरसमज. 2004 मध्ये बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत न्यूट्रोफिलांनी बाहेर टाकलेली, जीवाणू अडकवणारी जाळी दिसली. सुजलेल्या मानवी अपेंडिक्समध्येही ती आढळली. पण धागे कशाचे, हे चित्र सांगू शकत नव्हते. प्रथिने तोडणारी विकरे घातली, तरी जाळी टिकली. डीएनए तोडणारे विकर घालताच ती विस्कटली.