खाडीकाठ, टेकड्या आणि धावण्याच्या वाटा : एका दुर्लक्षित सार्वजनिक संपत्तीचे अर्थकारण

शहराच्या विकासाचा आढावा घेताना रस्त्यांची लांबी, पाण्याचा पुरवठा, विजेच्या जोडण्या आणि रुग्णालयांतील खाटा यांची मोजदाद केली जाते. पहाटे नागरिक ज्या वाटांवर चालतात वा धावतात, त्या वाटांची नोंद मात्र अशा आढाव्यात क्वचितच आढळते. त्यांना तिकीट नाही आणि त्यांपासून महापालिकेला उत्पन्नही नाही. त्यामुळे त्यांचे मूल्य शून्य असावे असा समज नकळत रूढ होतो. ठाणे खाडी आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या डोंगररांगा यांचे उदाहरण घेतल्यास हा समज किती महागात पडू शकतो, हे स्पष्ट होते.

खाडीकाठची सपाट वाट

सुमारे २६ किलोमीटर लांबीची ठाणे खाडी साष्टी बेटाला मुख्य भूमीपासून वेगळी करते. पश्चिमेस मुलुंड, भांडुप ते तुर्भे आणि पूर्वेस ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर अशी वस्ती तिच्या काठावर पसरलेली आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यानंतर पूर्व किनाऱ्यावर नवी मुंबई आकाराला आली. शहराचा काही भाग सखल असल्याने भरतीचे व पावसाचे पाणी सामावून घेण्यासाठी डच पद्धतीचे धारण तलाव बांधण्यात आले. मूळ हेतू पूरनियंत्रणाचा. परंतु नेरूळच्या तलावाभोवतीचा, ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ या नावाने ओळखला जाणारा परिसर आज चालणाऱ्या व धावणाऱ्या नागरिकांचे आवडते ठिकाण झाला आहे. एकाच जागेने दोन कामे करावीत, याचे हे चांगले उदाहरण होय.

वाशी ते बेलापूर हा पाम बीच मार्ग खाडीला जवळजवळ समांतर जातो. तिवरांचा हिरवा पट्टा, त्यापलीकडे ओहोटीत उघडा पडणारा चिखल आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत तेथे उतरणारे रोहित पक्षी यांमुळे हा परिसर विलोभनीय झाला आहे. तथापि हा मूलतः वेगवान वाहनांचा रस्ता आहे. वाहतूक वाढण्यापूर्वी आणि पदपथावरूनच धावणे येथे इष्ट ठरते. नव्याने धावू लागलेल्यांना खाडीकाठ सोयीचा, कारण चढउतार नसल्याने गती एकसारखी राखता येते. मात्र किनाऱ्यावरील दमट हवेत घाम लवकर सुकत नाही व शरीराची उष्णता बाहेर पडण्यास अडथळा येतो. म्हणून सूर्योदयाच्या सुमारास सुरुवात करणे आणि पुरेसे पाणी पिणे आवश्यक असते.

टेकड्यांचा चढ

खाडीच्या पूर्वेस पारसिकची डोंगररांग आहे. १९१६ मध्ये खुला झालेला पारसिकचा रेल्वे बोगदा याच रांगेतून जातो. बेलापूरच्या बाजूने टेकडीवर चढणाऱ्या रस्त्यावरून खाडी आणि शहर एकाच दृष्टिक्षेपात दिसतात. पश्चिमेस ठाणे शहराला लागून येऊरचे डोंगर आहेत. ते सुमारे १०० चौरस किलोमीटरहून अधिक विस्ताराच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा पूर्व भाग आहेत.

चढावर वेग कमी ठेवूनही हृदयाला व फुप्फुसांना पुरेसा व्यायाम होतो. उतरताना मात्र मांड्या आणि गुडघे यांवर अधिक भार पडतो. म्हणून उतारावर पावले आखूड ठेवावीत. पावसाळ्यात बेसॉल्टच्या खडकावर शेवाळ साचून तो निसरडा होतो. खारघरच्या पांडवकडा धबधब्यासारख्या ठिकाणी अपघातांमुळे पावसाळ्यात प्रवेशबंदी करावी लागते. येऊरमध्ये बिबट्यांचा वावर असून वारली आदिवासींचे पाडेही आहेत. तेव्हा अंधारात एकट्याने न जाणे, वनविभागाच्या वेळा पाळणे आणि पाड्यांच्या शांततेचा मान राखणे ही धावणाऱ्याची जबाबदारी ठरते.

आरोग्याचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोमदार व्यायाम करावा. प्रत्यक्ष चित्र निराळे आहे. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २०२२ मध्ये भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करीत नव्हते. महिलांमध्ये हे प्रमाण सुमारे ५७ टक्के, तर पुरुषांमध्ये सुमारे ४२ टक्के होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक असल्याचा अंदाज दिला.

या आजारांचा भार शेवटी कुटुंबाच्या खिशावर येतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च नागरिकांनी स्वतः केला. केंद्र शासनाने २९ ऑगस्ट २०१९ रोजी ‘फिट इंडिया’ अभियान सुरू केले. परंतु व्यायामाचा संदेश कितीही प्रभावी असला, तरी घराबाहेर पडल्यावर सुरक्षित वाट नसेल तर तो संदेश कागदावरच राहतो. व्यायामशाळेचे मासिक शुल्क ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी मोकळी वाट हेच एकमेव साधन असते.

फुकट वाटेचे मूल्य

अर्थशास्त्राच्या परिभाषेत अशी वाट ही सार्वजनिक वस्तू होय. एकाच्या वापराने दुसऱ्याचा वाटा कमी होत नाही आणि वापरापासून कोणाला सहज वगळताही येत नाही. त्यामुळे खासगी गुंतवणूकदाराला तिच्यात रस नसतो. याउलट, वाट ज्या जमिनीवर आहे तिला बाजारात मोठी किंमत असते. एका पारड्यात ठळक आकडा आणि दुसऱ्यात काहीच नाही, अशी तुलना झाली की निर्णय कोणत्या बाजूने झुकणार हे सांगावयास नको.

हे दुसरे पारडे भरण्याचे मार्ग अर्थशास्त्राकडे आहेत. हॅरल्ड हॉटेलिंग या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९४७ मध्ये तेथील राष्ट्रीय उद्यान सेवेला लिहिलेल्या पत्रात प्रवासखर्च पद्धतीची कल्पना मांडली. उद्यानाला प्रवेशमूल्य नसले, तरी लोक तेथे पोहोचण्यासाठी जो पैसा व वेळ खर्च करतात, त्यावरून त्या जागेचे मूल्य अजमावता येते. समजा, एखाद्या वाटेवर वर्षातील ३०० दिवस रोज १,००० माणसे येतात आणि प्रत्येकाचा येण्याजाण्याचा खर्च व वेळेचे मोल मिळून २० रुपये होतात. तर वर्षाला ६० लाख रुपये नागरिक केवळ तेथे पोहोचण्यासाठी मोजतात. वाट त्यांना निदान तेवढ्या मोलाची वाटते, असा याचा अर्थ होतो.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. वाटेला लागूनच राहणाऱ्या नागरिकाचा प्रवासखर्च जवळजवळ शून्य असतो, पण म्हणून त्याला मिळणारा लाभ शून्य नसतो. शिवाय तिवरांमुळे लाटांचा जोर मंदावतो, गाळ धरला जातो आणि मासळीच्या पिल्लांना आसरा मिळतो. हे लाभ धावणाऱ्यांच्या खर्चात उतरत नाहीत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा पाणी सामावून घेणाऱ्या खुल्या जागांचे मोल संपूर्ण महानगराला उमगले. खाडी व टेकडी हे मुद्दल आहे आणि पहाटेची वाट हे त्यावरील व्याज. मुद्दल विकून व्याज मिळत राहील, ही अपेक्षा कोणताही हिशेबनीस मान्य करणार नाही.

कायद्याचे कुंपण

ही वाट आज शिल्लक आहे, याचे मोठे श्रेय कायद्याला द्यावे लागेल. १९९१ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेने किनाऱ्यावरील बांधकामांवर निर्बंध आणले. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तिवरांच्या तोडीवर बंदी घातली आणि सप्टेंबर २०१८ मधील निकालात तिवरांचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्काशी जोडला. ऑगस्ट २०१५ मध्ये खाडीतील सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र रोहित पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाले. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला.

तथापि कुंपणाबाहेरील जागांचा प्रश्न उरतोच. नेरूळमधील डीपीएस तलावावर रोहित पक्षी मोठ्या संख्येने उतरतात. तेथे येणारे भरतीचे पाणी अडल्यामुळे वाद निर्माण झाला आणि नागरिकांच्या पाठपुराव्यानंतर २०२५ मध्ये सुमारे ३० एकरांचा हा तलाव संवर्धन राखीव करण्यास राज्य शासनाची मान्यता मिळाली. टेकड्यांना मात्र तिवरांइतके स्पष्ट संरक्षण नाही. पारसिकच्या उतारांवर दीर्घकाळ दगडखाणी चालल्या, त्यांच्या खुणा आजही दिसतात. खाणीने कापलेला डोंगर पुन्हा उभा करता येत नाही.

या संदर्भात आणखी एका बाबीचे विस्मरण होऊ नये. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी संपादित करण्यात आल्या. खाडीवर उपजीविका करणाऱ्या कोळी व आगरी समाजाने या शहराची किंमत सर्वांत आधी मोजली आहे. धावण्याच्या वाटा सुशोभित करताना मासेमारीच्या होड्या लावण्याची जागा वा बंदराकडे जाणारा रस्ता अडणार असेल, तर त्या विकासाला समन्यायी म्हणता येणार नाही.

पुढील दिशा

प्रत्येक महापालिकेने आपल्या हद्दीतील चालण्याच्या व धावण्याच्या वाटांची नोंदवही तयार करावी आणि विकास आराखड्यात त्या स्पष्टपणे दाखवाव्यात. वापरणाऱ्यांची गणना दरवर्षी व्हावी. तीत महिला, ज्येष्ठ नागरिक व मुले यांची स्वतंत्र नोंद असावी. महिलांचे प्रमाण कमी आढळल्यास दिवे, स्वच्छतागृहे आणि सुरक्षितता यांकडे लक्ष द्यावे. मात्र अभयारण्यालगत प्रखर दिवे टाळावेत. तिवरांत काँक्रीटचे पदपथ घालण्यापेक्षा असलेल्या बांधांचा व पदपथांचा उपयोग करणे स्वस्त आणि सुरक्षित ठरेल.

खाडी नसलेल्या शहरांनाही हा विचार लागू पडतो. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभ्या राहिलेल्या भिलाईच्या पोलाद नगरीला समुद्र नाही. परंतु तेथील सेक्टरांमधील वृक्षाच्छादित रस्ते, मैत्री बाग आणि आता स्वतंत्र महानगरपालिका झालेल्या रिसालीजवळील मरोदा जलाशय हे तिचे तितकेच मोलाचे मुद्दल आहे. कारखान्याच्या पाण्यासाठी राखलेला जलाशय नागरिकांच्या आरोग्यालाही हातभार लावू शकतो. अशा जागा नव्याने निर्माण करणे अतिशय खर्चिक असते. असलेल्या सांभाळण्याचा खर्च त्या मानाने अल्प असतो. त्यांची मोजदाद आज सुरू झाली, तर उद्या त्या वाचवण्यासाठी न्यायालयाचे दार ठोठावण्याची वेळ येणार नाही.