घरातल्या वस्तूंवरून सुबत्तेचे मोजमाप

कुटुंबाची सुबत्ता थेट मोजता येत नाही. रोजंदारीवर जाणाऱ्याला किंवा कोरडवाहू शेतकऱ्याला वर्षाचे उत्पन्न नेमके सांगणे अवघड असते आणि खर्चाची बारीक नोंद घ्यायची तर मुलाखत लांबत जाते. म्हणून संख्याशास्त्रज्ञ दिसणाऱ्या खुणा टिपतात: पंखा, सायकल, फ्रीज, भिंत मातीची की विटांची, स्वयंपाक लाकडावर की गॅसवर. या निर्देशकांवरून मागच्या न दिसणाऱ्या राशीचा, म्हणजे सुप्त चलाचा, अंदाज बांधला जातो.

ही कल्पना जुनी आहे. शाळकरी मुलांचे निरनिराळ्या विषयांतले गुण सहसा एकाच दिशेने कमी-जास्त होतात, तेव्हा त्यामागे एखादी सामाईक क्षमता असावी, असे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्ये मांडले. वस्तूंचेही तसेच. फ्रीज असलेल्या घरात बहुधा पंखा आणि पक्क्या भिंतीही असतात. हा परस्परसंबंध पाहून ‘मुख्य घटक विश्लेषण’ प्रत्येक वस्तूला भारांक देते आणि त्यांच्या बेरजेतून घराचा गुणांक निघतो. सगळ्यांकडे असलेली वस्तू इथे निरुपयोगी, कारण ती घराघरांतला फरक दाखवत नाही.

भारतात १९९२-९३ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात खर्चाची माहिती नव्हती, वस्तूंची होती. डीऑन फिल्मर आणि लँट प्रिचेट यांनी तीच वापरून २००१ मध्ये शाळाप्रवेशाचा अभ्यास प्रसिद्ध केला. वरच्या २० टक्के आणि खालच्या ४० टक्के घरांतल्या मुलांच्या शाळेत असण्याच्या प्रमाणातली दरी केरळमध्ये ४.६ टक्केबिंदूंची, तर बिहारमध्ये ४२.६ टक्केबिंदूंची निघाली. खर्चाचा एकही प्रश्न न विचारता इतका मोठा अन्याय आकड्यांत पकडता आला, हे या पद्धतीचे मोठे यश. इंडोनेशिया, पाकिस्तान आणि नेपाळमध्ये खर्च व वस्तू दोन्हींची माहिती होती. तिथे पडताळल्यावरही हा निर्देशांक खर्चाच्या तोडीस तोड ठरला.

तरी निर्देशकांची निवड हा विवेकाचा भाग आहे, गणिताचा नव्हे. गायी-म्हशी खेड्यात संपत्ती असतात, शहरातल्या फ्लॅटमध्ये त्यांचा प्रश्नच येत नाही. वीज घरात येणे हे घरमालकाच्या ऐपतीइतकेच सरकारी खांब गावात पोचण्यावर अवलंबून असते. एकेकाळी प्रतिष्ठेचा असलेला लँडलाइन फोन आज जवळपास काहीच सांगत नाही. शिवाय गुणांक सापेक्ष असतो. लोकसंख्येचे पाच समान भाग पाडले की ‘सर्वांत गरीब’ भागात प्रत्येक सर्वेक्षणात २० टक्के लोक येणारच. त्यामुळे गरिबी घटली की वाढली, हे या वर्गवारीतून कळत नाही.