मऊ प्लास्टिकचे मासेमारीचे आमिष : घरगुती निर्मितीचे रसायन आणि गोदाकाठासाठी योग्य पर्याय

सारांश

छंद म्हणून गळाने मासेमारी करणाऱ्यांमध्ये मऊ प्लास्टिकच्या कृत्रिम आमिषाचा वापर रूढ झाला आहे. हे आमिष घरी ओतून तयार करण्याची पद्धतही सर्वज्ञात आहे. प्रस्तुत लेखात या निर्मितीमागील रसायनशास्त्र, तिच्यातील धोके आणि पाण्यात राहिलेल्या आमिषाचे परिणाम स्पष्ट केले आहेत. वडीगोद्री परिसरातील जायकवाडीच्या कालवा-जलाशयाच्या संदर्भात प्लास्टिकऐवजी कोणती आमिषे योग्य ठरतात, याचेही विवेचन येथे केले आहे.

बीजशब्द : कृत्रिम आमिष, प्लास्टिसोल, मृदुकारक, थॅलेट, मरळ, अगर, जायकवाडी.

१. प्रस्तावना

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील वडीगोद्री हे गाव धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गावर वसले आहे. याच महामार्गावर दक्षिणेकडे शहागड येथे गोदावरीचे पात्र लागते. जायकवाडी प्रकल्पाच्या डाव्या कालव्यामुळे या परिसराच्या शेतीचे आणि जनजीवनाचे स्वरूप पालटले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी तत्कालीन पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते या प्रकल्पाची पायाभरणी झाली, तर २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. २०८ किलोमीटर लांबीचा डावा कालवा आणि १३२ किलोमीटर लांबीचा उजवा कालवा यांमुळे मराठवाड्याच्या कोरडवाहू मुलखात बारमाही पाण्याचे नवे क्षेत्र निर्माण झाले. पाण्याबरोबर मासे आले आणि माशांबरोबर गळ टाकणाराही आला.

या परिसरात मासेमारी हा भोई समाजाचा परंपरागत व्यवसाय असून तो मुख्यतः जाळ्यांवर चालतो. गळाने मासे धरणारा वर्ग निराळा आहे. त्यात शेतकरी आहेत, विद्यार्थी आहेत आणि सुटीच्या दिवशी छंद जोपासणारे नोकरदारही आहेत. पूर्वी गांडूळ, कणकेचा गोळा किंवा लहान मासोळी एवढ्यावर त्यांचे काम भागत असे. आता बाजारातून आणि टपालाने रंगीबेरंगी, लवचीक प्लास्टिकची गांडुळे, मासोळ्या आणि बेडूक येऊ लागले आहेत. ही आमिषे महाग पडतात, म्हणून ती घरीच ओतण्याचा मोह होतो. मोह स्वाभाविक असला तरी ज्या पाण्यात हे प्लास्टिक उतरते तेच पाणी छत्रपती संभाजीनगर, जालना, अंबड यांसारख्या शहरांच्या नळांतून लोक पितात. म्हणून या वस्तूचे रसायन समजून घेणे आवश्यक ठरते.

२. लेखाची उद्दिष्टे व पद्धती

१) मऊ प्लास्टिकच्या आमिषाची घडण व घरगुती निर्मितीप्रक्रिया स्पष्ट करणे.
२) या प्रक्रियेतील आणि वापरातील धोके दर्शविणे.
३) स्थानिक मत्स्यजीवन व हवामान लक्षात घेऊन पर्यायी आमिषांचा विचार करणे.

सदर लेख वर्णनात्मक स्वरूपाचा असून तो दुय्यम माहितीवर आधारलेला आहे.

३. ऐतिहासिक पार्श्वभूमी

गळाला लावावयाच्या आमिषाचा पद्धतशीर विचार दख्खनला नवा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. माशांचे प्रकार, त्यांचा आहार, गळ व दोरी यांचे वर्णन त्यात आढळते. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. माशाच्या आहारानुसार आमिष निवडावे, हे तत्त्व त्यात गृहीत धरलेले आहे. पुढील विवेचनात हेच तत्त्व पुन्हा उपयोगी पडणार आहे.

मऊ प्लास्टिकच्या आमिषाचा इतिहास मात्र अमेरिकेतील ओहायो राज्याच्या अ‍ॅक्रन शहरात सुरू होतो. तेथील गुडरिच कंपनीतील रसायनतज्ज्ञ वाल्डो सेमन यांनी १९२६ मध्ये कठीण व ठिसूळ पॉलिव्हिनाइल क्लोराइड, म्हणजे पीव्हीसी, मऊ करण्याची युक्ती शोधली. त्याच शहरात १९४९ मध्ये निक क्रीम व त्यांच्या पत्नी कॉस्मा यांनी स्वयंपाकघरात व्हिनाइल, तेल आणि रंग यांचे मिश्रण तापवून प्लास्टिकचे गांडूळ तयार केले. घरगुती निर्मिती हाच या व्यवसायाचा मूळ आरंभ होय.

४. मऊ आमिषाचे रसायन

आपल्या शेतातील पाइपही पीव्हीसीचा आणि हे लवचीक गांडूळही पीव्हीसीचेच, हे ऐकून प्रथम आश्चर्य वाटते. फरक आहे तो मृदुकारकाचा. शुद्ध पीव्हीसीच्या लांब रेणुसाखळ्या परस्परांना घट्ट धरून असतात. सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या खाली तो कठीण राहतो. या साखळ्यांमध्ये तेलकट द्रवाचे रेणू शिरले की त्यांच्यातील पकड सैल होते, साखळ्या एकमेकींवरून घसरू लागतात आणि पदार्थ लवचीक बनतो. या द्रवाला मृदुकारक म्हणतात. अतिशय मऊ आमिषाच्या वजनापैकी निम्म्याहून अधिक भाग मृदुकारकाचाच असतो.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावयास हवी. मृदुकारक पीव्हीसीशी रासायनिक बंधाने जोडलेला नसतो. तो साखळ्यांमध्ये केवळ सामावलेला असतो. त्यामुळे तो हळूहळू बाहेर पडू शकतो. मऊ आमिषे साध्या कठीण प्लास्टिकच्या डबीत काही काळ ठेवली तर डबीचा तळ चिकट होतो व वितळल्यासारखा दिसतो, याचे कारण हेच होय.

मृदुकारक म्हणून दीर्घकाळ थॅलेट वर्गातील संयुगे वापरली गेली. त्यांपैकी डीईएचपी हे संयुग प्रजननसंस्थेस घातक मानले जाते. युरोपीय संघाने २००५ च्या निर्देशाद्वारे खेळण्यांमध्ये डीईएचपीसह तीन थॅलेटांचे प्रमाण ०.१ टक्क्यापुरते मर्यादित केले, तसेच मुले तोंडात घालू शकतील अशा खेळण्यांबाबत आणखी तीन थॅलेटांवर तेच बंधन घातले. थॅलेटविरहित मृदुकारकही उपलब्ध आहेत. सायट्रेट वर्गातील संयुगे हे त्याचे उदाहरण होय. तथापि घरगुती निर्मितीसाठी सुटा विकला जाणारा द्रव नेमका कोणत्या मृदुकारकाचा आहे, याची माहिती बाटलीवर असेलच असे नाही.

५. घरगुती निर्मितीची प्रक्रिया

पीव्हीसीची बारीक भुकटी मृदुकारकात मिसळली की दुधासारखा पांढरा द्रव मिळतो. त्यास प्लास्टिसोल असे म्हणतात. त्याचे रूपांतर पुढील टप्प्यांनी होते.

*अ) साचा :* प्लास्टर ऑफ पॅरिस, सिलिकॉन किंवा अ‍ॅल्युमिनियम यांपैकी एकाचा साचा वापरतात. प्लास्टरचा साचा सर्वांत स्वस्त असतो. तो पूर्ण वाळवून त्यावर लेप द्यावा लागतो. साच्यात ओल राहिली तर गरम द्रवाच्या स्पर्शाने तिची वाफ होते आणि तापलेले प्लास्टिक अंगावर उडते.

*आ) तापविणे :* तापमान वाढू लागले की भुकटीचे कण मृदुकारक शोषून फुगतात आणि द्रव दाट होतो. सुमारे १७५ ते १८० अंशांवर कण परस्परांत विलीन होऊन मिश्रण पुन्हा पातळ व पारदर्शक होते. हीच ओतण्याची योग्य अवस्था होय.

*इ) भर घालणे :* याच वेळी रंग, चमकी, वजनासाठी बारीक मीठ आणि वासासाठी लसूण किंवा बडीशेपेचा अर्क मिसळतात.

*ई) ओतणे व थंड करणे :* मिश्रण साच्यात ओतल्यावर काही मिनिटांत ते घट्ट होते व आमिष सोडवून घेता येते.

तापमान सुमारे २०० अंशांच्या पुढे गेल्यास मिश्रण पिवळे, नंतर तपकिरी पडते. पीव्हीसीचे विघटन होऊन हायड्रोजन क्लोराइड वायू बाहेर पडतो. तो डोळे, घसा व फुप्फुसे यांस दाहक असतो. म्हणून ही प्रक्रिया स्वयंपाकघरात, अन्नाच्या भांड्यांत वा अन्न तापविण्याच्या मायक्रोवेव्हमध्ये करणे सर्वथा अयोग्य आहे. मोकळी हवा, तापमापक, डोळ्यांवर चष्मा, हातमोजे आणि केवळ याच कामासाठी राखलेली भांडी या किमान अटी होत. महाविद्यालयीन प्रात्यक्षिकात ही क्रिया धूर शोषून घेणाऱ्या कपाटातच करावी.

६. पाण्यात राहिलेल्या आमिषाचे काय होते?

जायकवाडीच्या फुगवट्यात बुडालेल्या बाभळींची खोडे, पाणवनस्पती आणि खडक यांत गळ अडकणे ही नित्याची बाब आहे. दोरा तुटतो आणि आमिष तळाशी राहते. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन वर्षे पाण्यात ठेवलेली मऊ आमिषे कुजली नसल्याचे आणि त्यांपैकी बहुतेक फुगल्याचे आढळले. अमेरिकेतील मेन राज्यात २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ट्राउट जातीच्या माशांनी टाकून दिलेली मऊ आमिषे स्वतःहून गिळली आणि त्यांच्या वाढीवर प्रतिकूल परिणाम झाला. याच राज्यात २०१३ मध्ये अशा आमिषांवर बंदीचे विधेयक आले होते. बंदी झाली नाही, मात्र प्रश्नाचा शासकीय पातळीवर अभ्यास करण्यात आला.

आमिषासोबत लावल्या जाणाऱ्या शिशाच्या वजनांचाही येथे उल्लेख केला पाहिजे. हंस पक्ष्यांना होणारी विषबाधा लक्षात घेऊन ब्रिटनने १९८७ मध्ये गळासाठी वापरल्या जाणाऱ्या शिशाच्या छोट्या वजनांवर निर्बंध आणले. जायकवाडी जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. तेथील पाणपक्षी तळाचा चिखल चाळून खाद्य शोधतात. त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडेही तितकाच लागू पडतो.

महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्या व एकदाच वापरावयाच्या वस्तूंवर बंदी आली, तर देशपातळीवर १ जुलै २०२२ पासून अशा ठरावीक वस्तूंना मनाई झाली. मासेमारीचे मऊ आमिष या याद्यांत येत नाही. म्हणजेच येथे कायद्यापेक्षा वापरणाऱ्याचा विवेकच अधिक महत्त्वाचा ठरतो.

७. आपल्या पाण्यात या आमिषाची गरज किती?

मऊ प्लास्टिकचे आमिष हालचालीने माशाला भुलविते. ते तोंडात आल्यावर मऊ लागते म्हणून मासा ते चटकन थुंकत नाही. परंतु ही युक्ती केवळ शिकारी माशांपुरती चालते. आपल्या जलाशयांत प्रामुख्याने सोडले जाणारे कटला, रोहू आणि मृगळ हे मासे भक्ष्याचा पाठलाग करीत नाहीत. कटला पृष्ठभागाजवळील सूक्ष्म प्लवक खातो, रोहू मधल्या थरात चरतो आणि मृगळ तळाचा सेंद्रिय गाळ खातो. त्यांच्यासाठी कणीक, भात, शेंगदाण्याची किंवा सरकीची पेंड हीच योग्य आमिषे होत. ‘मत्स्यविनोदा’तील आहारानुसारी निवडीचे तत्त्व येथे तंतोतंत लागू पडते.

राहतात ते मरळ, शिवडा आणि शिंगाळा यांसारखे मांसभक्षी मासे. त्यांपैकी मरळीसाठी प्लास्टिकचा बेडूक विशेष वापरला जातो. मरळ हवेतील प्राणवायू घेण्यासाठी वारंवार वर येते आणि पृष्ठभागावरील हालचालीवर झडप घालते. पावसाळ्यात ती आपल्या तांबूस-नारिंगी पिलांच्या थव्याचे रक्षण करते आणि जवळ येणाऱ्या कोणत्याही वस्तूवर चाल करून जाते. अशा वेळी तिला गळाला लावणे सोपे असते, पण आईबापांवाचून तो थवा इतर माशांचे भक्ष्य होतो. आमिष कोणत्याही पदार्थाचे असो, पिलांच्या थव्याजवळ गळ टाकू नये, हा संयम पाळणे आवश्यक आहे.

८. विघटनशील आमिषाचा पर्याय

शिकारी माशांसाठी घरीच मऊ आमिष ओतावयाचे असेल, तर दोन पदार्थांचा विचार संभवतो : जिलेटिन आणि अगर. जिलेटिनचे आमिष चिवट होते, परंतु ते साधारण ३० ते ३५ अंशांवर वितळू लागते. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. तेथे हे आमिष डबीतच विरघळेल. समुद्रशैवालापासून मिळणारे आणि किराणा दुकानात चायना ग्रास या नावाने ओळखले जाणारे अगर याबाबतीत सरस आहे. ते उकळत्या पाण्यात विरघळते, ४० अंशांच्या आसपास किंवा त्याखाली गोठते आणि पुन्हा वितळण्यास सुमारे ८५ अंश तापमान लागते.

प्रयोगाच्या आरंभी १०० मिलिलिटर पाण्यास ४ ते ५ ग्रॅम अगर व १० ते १५ मिलिलिटर ग्लिसरीन हे प्रमाण घ्यावे. अगर ठिसूळ असते. ग्लिसरिनामुळे ते लवकर सुकत नाही आणि त्यास थोडी लवचिकता येते. गळाने ते फाटू नये म्हणून साच्यात कापसाचे पिंजलेले तंतू आडवेउभे घालावेत. कापूस पिकविणाऱ्या जालना जिल्ह्यात त्यासाठी वेगळा खर्च पडणार नाही. वासासाठी बारीक पेंड किंवा सुकटीची भुकटी मिसळता येते. तयार आमिषे ओल्या फडक्यात ठेवावीत. साचा प्लास्टरचा चालतो आणि १०० अंशांच्या वर तापविण्याची गरज नसल्याने विषारी वायूचा धोकाही उरत नाही.

या पर्यायाची मर्यादाही नोंदविली पाहिजे. बहुसंख्य जिवाणू अगर पचवू शकत नाहीत. म्हणूनच सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते संवर्धनमाध्यमाचा आधार म्हणून वापरतात. त्यामुळे असे आमिष चार दिवसांत नाहीसे होईल, असा दावा करता येणार नाही. मात्र ते तुकडे होऊन विखुरते, त्याचे विघटन कालांतराने होते आणि त्यात पाझरणारा थॅलेट नसतो. टिकाऊपणात ते प्लास्टिकची बरोबरी करीत नाही. परंतु पाण्यात हरवणाऱ्या वस्तूचा टिकाऊपणा हा गुण नव्हे, हेच या विवेचनाचे सार होय.

९. निष्कर्ष

१) मऊ प्लास्टिकच्या आमिषाचा मऊपणा बंधाने न जोडलेल्या मृदुकारकामुळे येतो. त्याचा मुख्य दोषही त्यातूनच उद्भवतो.
२) घरगुती निर्मिती शक्य असली तरी उच्च तापमान व दाहक वायू यांमुळे ती घरात करणे सुरक्षित नाही.
३) कटला, रोहू, मृगळ यांसाठी या आमिषाची गरजच नाही. पारंपरिक खाद्य-आमिषे त्यांसाठी पुरेशी व अधिक योग्य आहेत.
४) शिकारी माशांसाठी अगर, ग्लिसरीन व कापूस यांपासून ओतलेले आमिष मराठवाड्याच्या हवामानात व्यवहार्य पर्याय ठरू शकते.
५) जे प्लास्टिकचे आमिष आधीच हाती आहे, ते फाटल्यावर पाण्यात न टाकता परत आणावे. शिशाऐवजी लोखंडी वजन वापरावे.

रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र या तिन्ही विभागांना एकत्र आणणारा हा विषय पदवी स्तरावरील प्रकल्पकार्यास अनुकूल आहे. अगरच्या आमिषाचे कालव्याच्या पाण्यातील विघटन आठवड्यागणिक वजन करून मोजणे, निरनिराळ्या प्रमाणांची ताणशक्ती तपासणे, मृदुकारकाचा पाझर कठीण प्लास्टिकच्या तुकड्यावर पाहणे, हे प्रयोग अल्प खर्चात होण्यासारखे आहेत. गोदाकाठच्या महाविद्यालयांनी ते हाती घेतल्यास आपण ज्या पाण्यावर जगतो त्याविषयीची जाणीव विद्यार्थ्यांत प्रत्यक्ष अनुभवातून रुजेल.