बाकी ठरवते दशांशाची चाल

१ ला ७ ने भागायला बसा. कॅल्क्युलेटर नको, कागदावरच करा. १० मध्ये ७ एकदा, बाकी ३. ३० मध्ये चारदा, बाकी २. २० मध्ये दोनदा, बाकी ६. पुढे बाकी ४, मग ५ आणि मग पुन्हा १! जिथून निघालो तिथेच आलो. आता तोच भागाकार पुन्हा पहिल्यापासून: ०.१४२८५७१४२८५७... आणि याला अंत नाही.

यात योगायोग काहीच नाही. ७ ने भागताना बाकी शून्य उरली नाही, तर ती १ ते ६ यांपैकीच असणार. म्हणजे फार तर सहा पायऱ्यांत जुनी बाकी परत येणारच आणि ती आली की अंकही त्याच क्रमाने येणार. १/१७ चं आवर्तन तर पुरे सोळा अंकांचं आहे! अतिसंक्षिप्त रूपातल्या अपूर्णांकाच्या छेदात २ आणि ५ सोडून दुसरा मूळ अवयव नसेल, तरच भागाकार संपतो. कारण १० म्हणजे २ गुणिले ५. म्हणून १/८ हा ०.१२५ वर थांबतो. अपूर्णांकाला दोनच वाटा: थांबणं किंवा फिरत राहणं.

उलटंही तितकंच खरं. ०.२७२७२७... ची १०० पट २७.२७२७... होते. त्यातून मूळ संख्या वजा केली की दशांश चिन्हापुढचं सगळं निघून जातं आणि ९९ पट म्हणजे नेमके २७ उरतात. २७/९९, म्हणजेच ३/११. अनंत अंकांची रांग दोन छोट्या संख्यांत मावली!

मग ०.१०१००१०००१... ही संख्या पाहा. दर वेळी एक शून्य वाढतं. नियम सोपा, पण आवर्तन कधीच नाही. म्हणून कोणताही अपूर्णांक तिच्याइतका असू शकत नाही. ती अपरिमेय आहे.

अशी संख्या मुद्दाम रचावी लागते असंही नाही. १ सेंटिमीटर बाजूच्या चौरसाचा कर्ण √२ सेंटिमीटर असतो. बौधायन शुल्बसूत्रातल्या रीतीने त्याची किंमत ५७७/४०८ येते, म्हणजे १.४१४२१५... खरी किंमत १.४१४२१३... पाच दशांश स्थळं तंतोतंत जुळतात! तरीही नेमका अपूर्णांक मिळणं अशक्यच. समजा तो म/न आहे. मग म² = २न². कोणत्याही वर्गसंख्येच्या मूळ अवयवांत २ हा सम वेळाच येतो. इथे डावीकडे तो सम वेळा आणि उजवीकडे एक जास्त, म्हणजे विषम वेळा. हे कसं शक्य आहे? π सुद्धा याच जातीचा. ते लॅम्बर्टने १७६१ मध्ये सिद्ध केलं.

आता १ ला आणि २ ला १३ ने भागून पाहा, आणि बाक्यांवर लक्ष ठेवा. सहा-सहा अंकांची दोन वेगळी आवर्तनं मिळतील आणि १ ते १२ पर्यंतची प्रत्येक बाकी त्या दोघांत मिळून एकदाच सापडेल.