हवा सोडा, गाडी काढा!

दोस्तांनो, समजा तुम्ही जीप चालवताय. रस्ता नाहीच. जिकडे पाहावं तिकडे गुडघाभर भुसभुशीत बर्फ! आणि तेवढ्यात गाडी रुतली. चाकं जागच्या जागी गरगर फिरताहेत. आता काय कराल?

"अॅक्सिलरेटर आणखी दाबू!" असं म्हणालात ना? चूक! जितका जोर लावाल तितकी चाकं खाली खड्डा खणत जातील आणि गाडी पोटावर बसेल. मग बसा फावडं मारत!

बर्फातले कसलेले चालक अशा वेळी एक अजब गोष्ट करतात. खाली उतरतात आणि टायरमधली हवा सोडून देतात. फुस्स! पण ही साधी युक्ती माणसाला सापडायला बराच काळ जावा लागला.

शॅकल्टनची मोटार

१९०८ साली अर्नेस्ट शॅकल्टन दक्षिण ध्रुव गाठायला अंटार्क्टिकाला गेला. बरोबर तट्टं होती, कुत्री होती आणि चक्क एक मोटारगाडी होती! अंटार्क्टिकावर उतरलेली ही पहिली मोटार. इंजिन १२ ते १५ अश्वशक्तीचं. ती सांभाळायला बर्नार्ड डे नावाचा माणूस.

गोठलेल्या समुद्राच्या कडक बर्फावर ही मोटार बरी धावली. तिनं सामानही वाहिलं. पण मऊ बर्फ आला की तिची अरुंद चाकं खाली जात. शेवटी ध्रुवाच्या वाटेवर मोटार गेलीच नाही. आधी तट्टांनी आणि नंतर माणसांनीच घसरगाड्या ओढल्या. ९ जानेवारी १९०९ रोजी शॅकल्टन ध्रुवापासून सुमारे १८० किलोमीटरवर पोचला होता. पण अन्न संपत आलं होतं. पुढे गेलो तर जिवंत परतणार नाही, हे त्यानं ओळखलं आणि तो मागे फिरला.

पावलापेक्षा हलकी जीप

मोटार का रुतली? इंजिन लहान होतं हे खरं. पण मोठं इंजिन असतं तरी चाकं रुतलीच असती. खरा प्रश्न होता दाबाचा.

जरा हिशेब करू. पेट्रोलपंपावर हवा भरताना "तीस पौंड" म्हणतात, ते तुम्ही ऐकलं असेल. तीस पौंड हवा असलेला टायर जमिनीच्या दर चौरस सेंटिमीटरवर साधारण २ किलोचा भार टाकतो. आता ४० किलो वजनाचा मुलगा एका पायावर उभा आहे असं समजा. त्याच्या बुटाचा तळवा १५० चौरस सेंटिमीटर धरला, तर दर चौरस सेंटिमीटरवर पाव किलोहून थोडा जास्त भार पडतो.

आता जीपच्या टायरमध्ये फक्त तीन पौंड हवा ठेवा. टायर पसरट होतो आणि त्याचा लांबरुंद पट्टा बर्फावर टेकतो. दर चौरस सेंटिमीटरवरचा भार उतरतो जेमतेम २०० ग्रॅमवर! टायरच्या बाजूही थोडा भार पेलतात, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा जरा वर सरकतो. पण गंमत पाहा, अडीच टनांची जीप साधारण तुमच्या पावलाइतक्याच अलगद बर्फावर टेकते! वाळवंटात उंट चालतो, तो याच तत्त्वावर. पाय रुंद, म्हणून रुतत नाही.

आइसलँडचे पटाईत

या विद्येत सगळ्यात पटाईत कोण? आइसलँडचे लोक. चार लाखांहूनही कमी वस्तीचा हा देश. पण त्याचा साधारण दहावा हिस्सा हिमनद्यांखाली आहे. १९८०च्या दशकात तिथल्या हौशी मंडळींनी आपल्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांना ३८ आणि पुढे ४४ इंच उंचीचे अगडबंब टायर बसवले. चाकावरची पत्र्याची कमान कापून मोठी केली. हवा दोन-तीन पौंडांवर आणली आणि गाड्या हिमनदीवर चढवल्या!

अर्थात हवा सोडली की झालं, असं नाही. हवा कमी असली की टायर रिममधून निसटू शकतो, म्हणून त्याची कड पक्की आवळावी लागते. गाडी हळू, जड गिअरमध्ये चालवायची. रुतू लागली तर रेटायचं नाही. आपल्याच चाकोरीतून मागे यायचं आणि पुन्हा पुढे जायचं. रस्त्यावर परतल्यावर पंपानं हवा भरायची. तसंच वेगानं पळवलं तर टायर तापून फाटायचा!

आणि एक नियम पक्का: एकट्या गाडीनं कधीच जायचं नाही. हिमनदीत खोल भेगा असतात आणि त्यांच्यावर बर्फाचं पातळ झाकण असतं. तिथे टायरची युक्ती चालत नाही. वादळात आभाळ आणि जमीन एकच पांढरी होतात, समोरची गाडीसुद्धा दिसत नाही. म्हणून बरोबर रेडिओ हवा, जीपीएस हवा, लांब नायलॉनचा दोर हवा. आणि थांबायची तयारी हवी.

आणखी एक. आइसलँडमध्ये उघड्या जमिनीवर रस्ता सोडून गाडी घालायला कायद्यानं बंदी आहे. तिथलं शेवाळ एकदा चिरडलं की भरून यायला कित्येक वर्षं लागतात. गोठलेल्या आणि बर्फानं झाकलेल्या जमिनीवरच परवानगी!

मध्यरात्रीचा फोन

ही नुसती हौस आहे का? मुळीच नाही. आइसलँडमध्ये कोणी हिमवादळात अडकलं, तर सोडवायला बचावपथकं निघतात. त्यांतले लोक पगारी नाहीत. कोणी सुतार, कोणी शिक्षक, कोणी दुकानदार. मध्यरात्री फोन वाजला की उठायचं आणि याच गाड्या काढायच्या. पथकांचा खर्च कसा भागतो, ठाऊक आहे? बराचसा पैसा नववर्षाच्या वेळी फटाके विकून! लोक फटाके उडवतात आणि त्यातून कोणाचा तरी जीव वाचतो.

पणजोबांचं राहिलेलं काम

आता शेवटची गंमत. शॅकल्टननं १९१४ मध्ये अख्खं अंटार्क्टिका ओलांडायचा बेत केला, पण त्याचं जहाज बर्फात चिरडलं गेलं आणि बेत फसला. पुढे डिसेंबर २०१६ मध्ये त्याचा पणतू पॅट्रिक बर्गेल याच खंडावर उतरला. त्याची गाडी होती ह्युंदाईची सँटा फे. आइसलँडच्या तंत्रज्ञांनी तिला ३८ इंची टायर बसवले होते. हवा? अगदी नावापुरती! जाऊन-येऊन जवळजवळ ५,८०० किलोमीटरचा प्रवास त्यानं ३० दिवसांत पुरा केला.

पणजोबांची मोटार जिथे हरली, तिथे पणतूची गाडी जिंकली. नव्या गाडीचं इंजिन जोरदार होतं, यात शंका नाही. पण बर्फानं तिला आपल्या अंगावरून जाऊ दिलं, ते ती अलगद टेकत होती म्हणून!

करून पाहा : बांधकामाजवळ वाळूचा ढीग असेल, तर मोठ्यांना विचारून त्यावर एक वीट उभी ठेवा, मग आडवी ठेवा. दोन्ही वेळा वरून सारखाच दाब द्या. वीट तीच, जोर तोच. मग कधी जास्त रुतली? आणि का?